पुण्यातलं आइस्क्रीम आणि राहिलेलं भांडण

अहो,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. येणारी-जाणारी माणसं आता कमी झालीत. आपली प्राजू परवा पुण्याला परत गेली. भाऊजींनी सतरंज्या झटकून, घड्या घालून मंडपवाल्याकडे पोचत्या केल्या. घरात मी एकटीच आहे आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तुमच्याशी बोलायला निवांतपणा मिळालाय.

लोक खूप आले. बसले, चहा न घेता गेले, आणि जाण्याआधी प्रत्येकानं आपापल्या गाईची गोष्ट सांगितली. कुणाची तीनदा उलटलेली, गाभण न राहणारी गाय तुमच्या हातानं टिकली, कुणाच्या गोठ्यातल्या साऱ्या कालवडी तुमच्याच हातच्या. वडाळ्याच्या एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या गाईच्या चार पिढ्या ओळीनं सांगितल्या आणि शेवटच्या कालवडीपाशी आल्यावर त्याला रडू आवरेना. मी मान हलवत ऐकत होते. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते कुणाला सांगण्याजोगं नव्हतं. दारात माणसं बसलेली, आणि मला सारखं आठवत होतं पुण्यातलं ते आइस्क्रीम, दुकानात एक पाय उघडा टाकून उभे राहिलेले तुम्ही, आणि दुसऱ्या दिवशी एसटीत आपलं झालेलं भांडण. ते अर्धंच राहिलं. अर्धं राहिलं ते माझ्यामुळं.

लग्न ठरवताना मध्यस्थानं माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा डॉक्टर आहे, जनावरांचा. मी तेव्हा नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. डॉक्टर म्हटल्यावर घरात कुणी पुढचं विचारलंच नाही. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही मला ओसरीवर नेलंत. तिथं कोपऱ्यात घागरीसारखी एक ॲल्युमिनियमची टाकी होती, अरुंद गळ्याची. तुम्ही बूच काढलंत. आतून पांढरा धूर आला आणि काठावरून खाली सांडला. मी मागं सरकले. तुम्ही म्हणालात, हे नायट्रोजन, पातळ केलेलं, बर्फापेक्षा किती तरी गार. यात कांड्या असतात, कांडीत वळूचं बीज असतं. गाय माजावर आली की मला बोलावतात, मी जाऊन ते बीज आत सोडतो, गाय भरवतो. मग टाकीवर बूच बसवलंत आणि त्याच दमात सांगितलंत, "मी दहावी पास हाय. दूध संघाचं ट्रेनिंग केलंय. डॉक्टर न्हाई मी. तुला कोनी काय सांगितलं आसंल तर ते खरं न्हाई."

मला फसल्यासारखं झालं. एक दिवस. दुसऱ्या दिवशी वाटलं, ज्याला लपवायचं असतं तो असं सांगत नाही. तेव्हापासून तुमच्यावर माझा विश्वास बसला तो बसलाच.

तरीही शाळेत मी डॉक्टरच सांगत राहिले. ही गोष्ट मला आज मान्य करायची आहे. आमच्या शाळेत एकीचा नवरा बँकेत होता, एकीचा तलाठी. मधल्या सुट्टीत डबे उघडले की नवऱ्यांची चर्चा व्हायची. माझा नवरा सकाळी सहाला मोटारसायकलला टाकी बांधून निघतो आणि गोठ्यागोठ्यांत गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो, हे मी कसं सांगणार होते? "डॉक्टर आहेत" म्हटलं की विषय संपायचा. हळूहळू गावही डॉक्टर म्हणायला लागलं. गावानं प्रेमानं म्हटलं. मी मात्र प्रेमानं म्हणत नव्हते, निदान सगळं प्रेम नव्हतं त्यात.

माझ्या थर्मासचं भांडण आठवतं? शाळेत चहा न्यायला मी लाल थर्मास घेतला होता. कांडी नायट्रोजनमधून काढली की ती कोमट पाण्यात धरावी लागते, नाहीतर बीज वाया जातं. थंडीच्या दिवसांत गोठ्यात कोमट पाणी मिळेना म्हणून एक दिवस तुम्ही माझा थर्मास नेलात. कांडी त्यात बुडवलीत. संध्याकाळी धुऊन, पुसून जागेवर ठेवलात आणि वर मला सांगितलंतही. मी त्यातून पुन्हा चहा प्यायले नाही. तुम्हाला कळेचना की एवढं काय झालं. कांडी बंद असती, म्हणालात, आन् पानी तर तुझ्याच चुलीवरचं. आठवडाभर मी बोलले नाही. मग तुम्ही घोडेगावच्या बाजारातून मला नवा थर्मास आणलात, निळा, आणि लाल तुमचा झाला. तो अजून ओसरीवरच्या फळीवर आहे. त्याच्या झाकणाला तुमच्या हातांचा वास येतो, डेटॉलचा आणि शेणाचा.

कुठं जायचं म्हटलं की तुमचं एकच उत्तर असायचं, माज पंचांगात लिहिलेला नसतो. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तुम्हाला निरोप आला आणि तुम्ही हातातल्या अक्षता माझ्या मुठीत देऊन निघालात. सगळं माहेर हसलं. मी त्यांना सांगितलं, डॉक्टरांचं असंच असतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. प्राजू पुण्यात नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि तुम्ही तिची खोलीसुद्धा पाहिली नव्हती. डिसेंबरात तिनं हट्टच धरला. तुम्ही नेवाशाच्या, तुमचंच काम करणाऱ्या एकाला दोन दिवस आपली गावं सांभाळायला सांगितलीत, त्याला गोठ्यांची यादी लिहून दिलीत, कोणती गाय लाथ मारते तेही लिहिलंत, आणि आपण निघालो. एवढ्या वर्षांत दोन रात्री सलग घराबाहेर राहायची ती आपली पहिलीच वेळ.

प्राजूनं आपल्याला मॉलमध्ये नेलं. वर एका मजल्यावर खाण्याच्या दुकानांची रांग होती. एका दुकानापुढं गर्दी जमलेली, पोरं-पोरी मोबाईल वर धरून फोटो काढतायत. प्राजू म्हणाली, आता तुम्हाला गंमत दाखवते, धुराचं आइस्क्रीम. काउंटरमागं काळी टोपी घातलेली एक मुलगी उभी होती. तिच्यापुढं स्टीलचं मोठं भांडं, त्यात दूध आणि सीताफळाचा गर फिरत होता. तिनं लांब तोंडाच्या जगमधून त्यात काहीतरी ओतलं आणि एकदम पांढरा धूर उठला. उठला म्हणजे वर गेला नाही. भांड्याच्या काठावरून काउंटरवर आणि काउंटरवरून लोकांच्या पायांवर उतरला. लहान मुलं त्यात हात घालून किंचाळत होती.

मी तुमच्याकडं पाहिलं. परक्या मुलखात आपल्या गावचं माणूस भेटल्यावर जसा चेहरा होतो, तसा तुमचा चेहरा झाला होता.

"अगं, हे तर आपलं हाय," तुम्ही म्हणालात.

प्राजूला आधी समजलंच नाही. लहानपणापासून ती टाकी घरात बघत आलेली पोर, पण मॉलमध्ये तिला ती ओळखू आली नाही. तुम्ही तिला दाखवलंत, बघ, धूर खाली चाललाय, वाफ असती तर वर गेली असती. आणि आम्हाला तिथंच सोडून तुम्ही रांगेच्या बाजूनं सरळ काउंटरपाशी गेलात.

तुम्ही त्या मुलीला विचारायला सुरुवात केलीत. टाकी केवढी आहे, कोणत्या वारी भरून येते, आत किती उरलंय ते कसं बघता. ती बिचारी आधी गोंधळली, मग उत्तरं द्यायला लागली. तुमची बोली ऐकून तिनंच विचारलं, नगरकडचे का? ती पाथर्डीची निघाली. मग तर तुम्ही काउंटरवर दोन्ही कोपरं टेकलीत. तुम्ही तिला सांगितलंत, आम्ही लाकडी पट्टी बुडवतो, बाहेर काढून हवेत हलवतो, जिथवर पांढरं धरतं तिथवर नायट्रोजन. तिलाही तशीच पट्टी दिलेली होती. तिनं ती काढून दाखवली. मागं रांग खोळंबलेली. मला वाटायला लागलं, आता पुरे.

तेवढ्यात तुम्ही काउंटरवरून वाकून तिच्या पायांकडं पाहिलंत. तिच्या पायांत पट्ट्यापट्ट्यांची चप्पल होती.

तुमचा आवाज बदलला. तिथं एक उंच स्टूल होतं. तुम्ही बूट काढलात, मोजा काढलात आणि पाय स्टुलावर ठेवलात. पावलावर तो सुपारीएवढा पांढरा डाग. मला त्याची इतकी सवय झालेली की तो कशाचा आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते. तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, हाताला थेंब उडाला तर ओघळून जातो, काय होत न्हाई. पन चपलंच्या पट्ट्यात अडकला की बसतो. मी पन चप्पलच घालायचो. हे बघ."

सगळी माणसं तुमच्या पायाकडं बघत होती. रांगेतल्या एका तरुणानं विचारलं, काका, इथं लाइन आहे, तुम्ही कोण, इन्स्पेक्टर आहात का? आवाजात चेष्टा होती. माझं डोकं तापलं. मी मागून मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर आहेत ते."

त्याचा चेहरा लगेच बदलला. सॉरी म्हणाला, मागं झाला. तुम्ही गप्प बसला असतात तर सगळं तिथंच निभावलं असतं. पण तुम्ही वळलात, एक पाय उघडा, हातात मोजा, आणि त्याला अगदी सरळपणानं सांगितलंत, "डॉक्टर न्हाई ओ मी. नेवासे तालुक्यात गाई भरवतो. हेच नायट्रोजन घिऊन तीस वर्सं फिरतोय."

कुणीतरी फिस्कन हसलं. एका बाईनं हातातल्या आइस्क्रीमच्या कपाकडं बघितलं आणि तो हळूच टेबलावर ठेवून दिला. प्राजू खाली मान घालून हसू दाबत होती, तिला काही वाटलं नाही. वाटलं ते मला. तुम्ही तिकडं त्या मुलीशीच बोलत होतात. ती म्हणाली, उद्यापासून बूट घालते काका. तुम्ही म्हणालात, उद्या नाही, आज. तिनं शेजारच्या पोराचे बूट मागून घातले तेव्हा कुठं तुम्ही मोजा चढवलात.

आपण टेबलाशी बसलो. सीताफळाचं आइस्क्रीम आलं, कपातून अजून धूर निघत होता. मी रागानं चमचा उचलला तशी तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांब. धूर बसू दे," म्हणालात. तोंडात नायट्रोजन गेलं तर आतून भाजतं, हे तुम्ही प्राजूला समजावून सांगत होतात, पण हात माझा धरला होता. धूर पूर्ण बसेपर्यंत सोडला नाहीत. मग पहिला चमचा तुम्ही घेतलात, जिभेवर घोळवलात आणि डोळे मिटलेत.

काय सुखानं खाल्लंत तुम्ही ते. बर्फाचा कण लागत नाही, म्हणालात, कारण गोठतंच इतक्या लवकर की कण धरायला वेळच मिळत नाही. कांडीतलंही तसंच. सावकाश गोठवलं तर बर्फाचे काटे होतात आणि बीज मरतं. मग प्राजूला म्हणालात, इतकी वर्षं टाकी घरात होती, तुझ्या आईला एकदा तरी सुचायला पाहिजे होतं. प्राजू हसून हसून लोळायची बाकी राहिली. मी हसले नाही. खरं सांगू, आइस्क्रीम फार चांगलं होतं. मी सगळं संपवलं, पण तुम्हाला चांगलं म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण एसटीत बसलो. शिरूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. शिरूर सुटल्यावर माझा बांध फुटला. मी म्हणाले, तीस वर्षं मी तुमचा मान ठेवत आले. माहेरी, शाळेत, चार माणसांत. आणि तुम्ही एका मिनिटात, अनोळखी लोकांपुढं मला खोटं पाडलंत. ते लोक पुन्हा कधी भेटणार होते? डॉक्टर म्हटलं तर तुमचं काय बिघडलं असतं?

तुम्ही पुढच्या सीटचा दांडा धरून बसला होतात. मग यमुनाबाईंचं नाव घेतलंत. पांढरीच्या पुलाअलीकडच्या वस्तीवरच्या यमुनाबाई. मी त्यांना तोंडओळखीनं ओळखत होते, एवढंच.

तुम्ही सांगितलंत ते असं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. यमुनाबाई दरसाल ऊसतोडीला जायच्या. त्या वर्षी त्यांनी गाय घेतली होती, म्हणजे पुढच्या साली पोरांना घेऊन कोयता धरायला जावं लागू नये. गाय तुम्हीच भरवलेली. पहिलंच वेत, आणि वासरू आडवं आलं. सरकारी डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले, यायला दोन तास लागणार होते. वस्तीवरची माणसं तुमच्यामागं लागली, डॉक्टर, तुम्हीच हात घाला. ते आपलं काम नाही हे तुम्हाला माहीत होतं. वाट बघायला हवी हेही माहीत होतं.

"पन समदी डॉक्टर, डॉक्टर म्हनत हुती," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्सं रोज तेच ऐकत हुतो. मला बी वाटलं, हाय मी."

वासरू मेलेलंच निघालं. गाईला आतून इजा झाली. दिवस मावळायच्या आत तीही गेली.

"मी डॉक्टर आसतो तर ती वाचली आसती," तुम्ही म्हणालात. "आन् मी डॉक्टर न्हाई हे माझ्या ध्यानात राहिलं आसतं, तरी वाचली आसती."

गाडीत पोरं गाणी लावून बसली होती. मला तो दिवस आठवला. तुम्ही आल्या आल्या अंघोळ केलीत आणि जेवायला बसला नाहीत. मी विचारलं तर पोट दुखतंय म्हणालात. मी ओवा दिला. तुम्ही तो चावून खाल्लात, आणि मीही ते खरं मानून झोपले.

मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, तू शाळेत सांगायचीस, तुला बरं वाटायचं, ते मोडवेना. पण तोंडावर कुणी डॉक्टर म्हटलं की ती गाय दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळीच यमुनाबाईंकडं गेल्तो, म्हणालात. लई बोलली मला. दारातनंच परत लावलं. बरोबर हुतं तिचं. तिच्याजागी मी आसतो तर मी बी आसंच केलं आसतं.

एवढं तुम्ही मला सांगितलंत. एवढ्या वर्षांचं. आणि मी काय केलं? तुमच्या हातावर हात ठेवायला हवा होता. एसटी होती म्हणून काय झालं. मी म्हणाले, "तरी पण बूट-मोजे काढायची काय गरज होती?"

तुम्ही हसलात. तुमचं ते हसणं मला ओळखता येतं. समोरच्याला मोकळं सोडायचं असलं की तुम्ही तसं हसायचात. नगर आलं, आपण चहा घेतला. घोडेगावला उतरेपर्यंत तुम्हाला दोन फोन आले, वडाळ्याला एक गाय माजावर होती. तुम्ही मला रिक्षात बसवून दिलंत आणि गेलात.

त्यानंतर तुम्ही दोनच महिने होतात. त्या दोन महिन्यांत मी रोज ठरवायचे की विषय काढू. संध्याकाळी तुमच्या डाव्या खांद्याला तेल चोळताना तर शब्द ओठांवर यायचे. गाईच्या पोटात हात घालून घालून धरलेला तो खांदा. मला एवढंच म्हणायचं होतं की, मी डॉक्टर म्हणत होते तो तुमचा मान नव्हता, ती माझी लाज होती. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला खरं सांगितलंत आणि मी ते तीस वर्षं झाकत राहिले. तुमचं काम हलकं आहे असं तुम्हाला कधी वाटलं नाही. ते मला वाटत होतं. शिकलेली मी होते ना. तेल चोळून झालं की तुम्ही म्हणायचात, मास्तरीनबाई, बास आता, तुमचे हात दुखतील. आणि मी बाटलीचं झाकण लावायचे.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाऊजींनी चौकात फ्लेक्स लावला. मला माहीत नव्हतं. दहाव्याला आम्ही सगळे प्रवरासंगमला निघालो तेव्हा जीप चौकातून वळली आणि मला तो दिसला. फोटो चांगला निवडलाय, प्राजूच्या पदवीच्या वेळचा, पांढऱ्या शर्टातला. आणि नावाच्या आधी मोठ्या अक्षरांत 'डॉ.'

मी जीप थांबवायला लावली. खाली उतरले. सगळं गाव जमलेलं, भटजी संगमावर वाट बघतायत. मी भाऊजींना म्हणाले, ते पुढचं अक्षर काढा. त्यांना वाटलं मला दुःखानं काही सुचेनासं झालंय. समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, समदं गाव त्यांना डॉक्टरच म्हनायचं. तुमी तर सगळ्यात जास्त."

खरं होतं ते. त्यांच्या तोंडून ऐकताना जिवाला लागलं. मी म्हणाले, "म्हणूनच मी सांगते. ते डॉक्टर नव्हते. गाई भरवायचे. त्यांना ते नाव नको होतं."

सरपंचांनी एका माणसाला शिडी आणायला पाठवलं. नवा फ्लेक्स करायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं ब्लेडनं तेवढा चौकोन कापून काढला. तो कापून होईपर्यंत मी उभी राहिले आणि मग जीपमध्ये बसले. फ्लेक्सला अजून ते भोक आहे, त्यातून मागचं लिंबाचं झाड दिसतं. भाऊजी दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग प्राजूनं त्यांना मॉलमधलं सगळं सांगितलं असावं. तेराव्याच्या दिवशी पंगतीत त्यांनी स्वतःहून मला वाढलं.

चौदाव्या दिवशी दुपारी यमुनाबाई आल्या. उंबऱ्याजवळ बसल्या, पदर तोंडाला लावून. मी पाणी दिलं तर भांडं हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या मालकाला म्या पानी बी दिलं न्हवतं."

त्यांनी तीच सकाळ सांगितली, त्यांच्या बाजूची. तुम्ही अंगणात उभे राहिलात आणि म्हणालात, चूक माझी आहे, मी डॉक्टर नाही, मी हात घालायला नको होता. त्यांनी तुम्हाला नाही नाही ते बोलून हाकलून दिलं. त्या साली त्या पुन्हा तोडीला गेल्या. पुढं दोन वर्षांनी दुसरी गाय आली, तेव्हा त्यांनी तुम्हालाच बोलावलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं येनाऱ्यात चूक झाली म्हनून सांगनारं तेवढं एकच मानूस बघितलं हुतं. तुम्ही गेलात, गाय भरवलीत, आणि तेव्हापासून इतकी वर्षं जात राहिलात. पण त्या सकाळचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. तुमच्याही तोंडून नाही, त्यांच्याही नाही.

"त्यांच्या मनात राहिलं आसंल का वो?" त्यांनी विचारलं. "माझं बोलनं?"

अहो, तेव्हा मला कळलं की आपण एसटीत भांडलो ते किती बरं झालं. नाहीतर मी काय सांगणार होते त्या बाईला? मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "मला त्यांनी सगळं सांगितलं होतं. तुमच्याबद्दल वाकडा शब्द नव्हता. म्हणाले, तिचं बरोबर होतं, तिच्याजागी मी असतो तर मीही तसंच केलं असतं."

त्यांनी भांड्यातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग बराच वेळ आम्ही दोघी बसलो होतो. तुमच्याविषयी फारसं काही बोललोच नाही. त्यांच्या सुनेचं, माझ्या गुडघ्याचं, असलंच काही.

उठताना त्यांनी सांगितलं, गोठ्यातली कालवड पहिलटकरीण आहे, तुमच्याच हातची, दिवस भरत आलेत. आता कोणाला बोलवायचं? मी वहीचं पान फाडलं आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा, म्हटलं, आणि त्या येईपर्यंत दुसऱ्या कुणाला हात घालू देऊ नका. कोणी कितीही शहाणा असू दे. हे मी दोनदा बजावलं, वर्गात बजावायचे तसं. त्यांनी कागदाची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

आज सकाळी त्यांचा फोन आला. पहाटे गाय अडली होती. वासराचं डोकं मागं वळलं होतं. डॉक्टरीणबाई पाऊण तासात आल्या, तोवर यमुनाबाई दारात काठी घेऊन उभ्या होत्या, कुणाला गाईजवळ जाऊ दिलं नाही. कालवड झाली. दोघी बऱ्या आहेत.

हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले.